फुल रेंज, पण कॉल लागेना!

गेल्या श्रावणातली गोष्ट. शनिवारची सकाळ, बाणेरच्या फ्लॅटवर मी कॉफीचा मग घेऊन मस्त लोळत पडलेय आणि अनोळखी नंबरवरून फोन. कट केला. (लोन विकणारे, दुसरं कोण!) पुन्हा आला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा वैतागून उचलला तर पलीकडे राजापूरजवळच्या आमच्या गावातल्या शेजारच्या वहिनी.

"ताई, बाबा विहिरीपाशी घसरून पडलेत. पाय मोडलाय की मुरगळलाय कळत नाय. तुम्हाला कधीपासून फोन लावतायत म्हणे, लागतच नाय."

घोटा मोडला होता. पाऊण तास बाबा त्या शेवाळलेल्या पायरीशी बसून होते, आणि हातात चकाचक स्मार्टफोन! वरच्या पट्टीवर फोरजी लिहिलेलं, रेंजच्या चारही दांड्या भरलेल्या. ते माझा नंबर लावत होते आणि फोन दोन सेकंद विचार करून 'कॉल एंडेड' म्हणत होता. वहिनी फुलं काढायला परसात आल्या म्हणून कळलं. त्यांनी मला फोन केला तो कमरेला खोचलेल्या, कीपॅडवरचे आकडे पुसलेल्या एका डबड्यावरून. तो पहिल्या फटक्यात लागला. मी कट केला ही गोष्ट वेगळी.

तो स्मार्टफोन आम्हीच दिलेला. ताईनं न्यूजर्सीहून येताना आणला होता, तिचा स्वतःचा, दोन वर्षं वापरलेला, पण एकदम टकाटक. आठच दिवसांपूर्वी बाबांचा जुना कीपॅडवाला फोन मी कौतुकानं कपाटात ठेवून दिला, नवं सिम घातलं, व्हॉट्सअॅप टाकलं. आठवडाभर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. बाबा पडवीत, मागे पाऊस, आम्ही दोघी बहिणी खूष. साधा कॉल लागतो का, हे आठ दिवसांत कुणी तपासलंच नाही. आणि व्हॉट्सअॅप कॉल बाबांना "फक्त उचलता येतो, लावता येत नाही."

सोमवारी मी कस्टमर केअरवाल्यांशी तासभर भांडले. टॉवर चालू आहे, मॅडम. बॅलन्स आहे, मॅडम. शेवटी कॉलेजच्या ग्रुपमधल्या एका मित्राला गाठलं. तो टेलिकॉममध्ये आहे. गाडीत लॅपटॉप आणि पाच-सहा फोन घेऊन रेंज मोजत फिरतो, त्याला ते लोक ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. त्यानं एकच प्रश्न विचारला. "त्या फोनवर आपल्याकडचं व्होल्टी चालतं का?"

म्हणजे काय रे बाबा?

पुढचे दोन तास आणि तीन चहा एवढं ते 'म्हणजे काय' चाललं. फोन हातात नसला तर आपल्याला श्वास घ्यायला जमत नाही, पण तो बोलतो कसा याचा फंडा माझ्यासारख्या आयटीवालीलाही ठाऊक नव्हता. तुम्हाला असेल तर पुढचा थोडा भाग सोडून द्या.

एक माइक, आठ जण

सुरुवात युरोपात. १९८०च्या दशकात तिकडे मोबाइल होते, पण प्रत्येक देशाची सिस्टिम वेगळी. स्वीडन-नॉर्वेकडची एक, जर्मनीची दुसरी, ब्रिटनची तिसरी, फ्रान्सची चौथी. बॉर्डर ओलांडली की गाडीतला तो महागडा फोन म्हणजे नुसता पेपरवेट. म्हणून १९८२मध्ये एक कमिटी बसली, 'ग्रुप स्पेस्याल मोबील' या फ्रेंच नावाची. त्याचंच जीएसएम. १९८७मध्ये कोपनहेगनला १३ देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ला फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल झाला. स्टँडर्ड म्हणजे हेच: फोन कुणीही बनवो, टॉवर कुणीही उभारो, दोघांनी एकमेकांशी कधी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कोणत्या शब्दांत बोलायचं, याची हजारो पानांची नियमावली.

त्यातला मुख्य प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. जागा कमी, माणसं जास्त! हवेतल्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच आणि बोलायचंय सगळ्यांना. जीएसएमनं उत्तर काढलं ते पाळीचं. २०० किलोहर्ट्झची एक पट्टी घ्यायची, ती आठ जणांना द्यायची आणि प्रत्येकाला आळीपाळीनं ०.५७७ मिलिसेकंद बोलू द्यायचं. आठ जणांचा एक राउंड ४.६ मिलिसेकंदांत संपतो, की पुन्हा पहिल्याची पाळी. एकच माइक आठ जणांत फिरतोय, पण इतक्या स्पीडनं की प्रत्येकाला वाटतं माइक आपल्याच हातात आहे.

मग मधल्या वेळात आपण बोललेलं जातं कुठे? फोन ते साठवतो. तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा २६० बिट्समध्ये दाबून बसवतो (डिजिटल लँडलाइन एक्स्चेंजच्या मानानं साधारण पाचपट कमी जागेत) आणि पाळी आली की फेकतो. तुम्ही गप्प असाल तर बॅटरी वाचवायला तो पाठवणंच थांबवू शकतो. पण पलीकडच्याला ठार शांतता ऐकू आली तर तो "हॅलो? हॅलो?" करत बसेल, म्हणून त्याचा फोन स्वतःच हलकीशी खरखर तयार करून ऐकवतो. नियमावलीत या खोट्या खरखरीची सोय आहे! रात्री दोन वाजता फोनवर दोघंही गप्प असताना जे 'ऐकलं' होतं ते हे होतं. सॉरी.

आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून फोन वाजायच्या आधी येणारी ती टिर्र-टिर्र-टिर्र आठवतेय? ऑफिसमध्ये एकाच्या स्पीकरनं ती काढली की सगळे आपापले फोन चाचपायचे. ती म्हणजे ही पाळीच. आठ जणांचा राउंड सेकंदाला २१७ वेळा फिरतो, म्हणजे फोनचा रेडिओ सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होतो, आणि स्पीकरची वायर ते पकडते. रिंग वाजण्याआधी फोन आणि टॉवर यांची "मी इथे आहे, दे कॉल" अशी बोलणी होतात, म्हणून आवाज आधी येतो.

पाळीचा एक तोटाही आहे. तुम्ही टॉवरपासून जितके लांब, तितका तुमचा आवाज उशिरा पोचणार आणि पुढच्याच्या पाळीत घुसणार. म्हणून टॉवर लांबच्या फोनला सांगतो, "तू जरा आधी सुरू कर." हे 'जरा आधी' किती असू शकतं, याला नियमावलीत ० ते ६३ एवढ्याच पायऱ्या आहेत, एक पायरी साधारण साडेपाचशे मीटरची. गणित करा, ३५ किलोमीटर होतात. त्यापलीकडे सिग्नल कितीही झकास येत असला तरी साध्या जीएसएममध्ये कॉल लागत नाही. कुठल्या तरी मीटिंगमध्ये कुणीतरी ६३ लिहिलं, आणि समुद्रात गेलेल्या होडीतला फोन कुठे बंद पडणार ते ठरलं.

'शुभेच्छा' म्हणजे आठ

नियमावलीतल्या अशा छोट्या आकड्यांनी आपल्याला भलतंच घोळात घेतलंय. एसएमएस घ्या. तो जातो सिग्नलिंगच्या वाटेनं, म्हणजे फोन आणि टॉवर एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरच्या मोकळ्या जागेतून. तिथे जागा १४० बाइट्सची. इंग्रजी अक्षर सात बिट्सचं, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला अक्षरामागे दोन बाइट्स लागतात, म्हणून मराठीला ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचे वेगळे पैसे! 'शुभेच्छा' दिसायला तीन अक्षरं, मोजायला आठ. कॉलेजात असताना आम्ही दिवाळीचे मेसेज इंग्रजी लिपीत मराठी लिहून पाठवायचो आणि सर आम्हाला मायबोलीच्या ऱ्हासाबद्दल सुनवायचे. सर, एसएमएसमागे एक रुपया पडायचा हो.

लोकलच्या डब्यातला फंडा

आपल्याकडे मोबाइल आला तो याच जीएसएमवर. ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. मुंबईत त्याच सुमारास मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल सुरू झाले. पण आमच्या घरात मोबाइल शिरला तो २००३मध्ये आणि तो जीएसएम नव्हता. रिलायन्सनं डिसेंबर २००२मध्ये सीडीएमएवाली सेवा आणली होती, पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा अशी स्कीम आली, टाटाही त्यात उतरले, आणि गल्लोगल्ली ते हँडसेट झाले.

सीडीएमएमध्ये पाळी वगैरे भानगड नाही. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पट्टीवर बोलायचं! हे चालतं कसं? सकाळच्या फास्ट लोकलचा डबा डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात दोन गुजराती काका शेअर बाजारावर, दाराशी दोन तमिळ मुलं क्रिकेटवर, मध्ये दोन मालवणी बायका सुनांवर. सगळे एकदम बोलतायत. पण मालवणी कान मालवणी शब्द बरोबर उचलतो, बाकी सगळा त्याच्यासाठी नुसता गलका. सीडीएमए प्रत्येक फोनला असा एक स्वतंत्र कोड देतं. टॉवर त्या कोडनं गलक्यातून तुमचा आवाज वेगळा काढतो. अट एकच, कुणी ओरडायचं नाही. एक जण ओरडला की डबाभर कुणालाच काही ऐकू येणार नाही. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा "हळू... जरा मोठ्यानं... हळू" असं बजावत असतो.

डोकं म्हणून बघाल तर सीडीएमए जीएसएमपेक्षा भारी होतं. कमी जागेत जास्त माणसं बसायची. पण जीएसएमवाल्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून ठेवली होती: नंबर फोनमध्ये नाही, सिममध्ये राहील. फोन पडला, फुटला, जुना झाला, तरी सिम काढा आणि मित्राच्या फोनमध्ये घाला. आपल्याकडच्या त्या काळातल्या बहुतेक सीडीएमए फोनमध्ये सिमच नसायचं, नंबर हँडसेटलाच चिकटलेला. माझा तो फोन एका पावसात बंद पडला तेव्हा नंबर परत मिळवायला कंपनीच्या दुकानात चार खेटे घातले. तोवर कॉन्टॅक्ट्स गेलेच होते, आणि त्यात एक नंबर असा होता की तो पुन्हा मागायची माझी हिंमत झाली नाही. (ते जाऊ दे.)

गंमत पुढे आहे. थ्रीजी आलं तेव्हा जीएसएमवाल्यांनी हवेतली पद्धत घेतली ती कोडची, म्हणजे सीडीएमएच्या घराण्यातली. कल्पना एकाची जिंकली, खानदान दुसऱ्याचं चाललं! आणि मूळ सीडीएमए आपल्याकडे २०१६-१७च्या सुमारास संपलं. ज्यांच्याकडे तेवढाच फोन होता त्यांचे हँडसेट एका दिवसात खेळणी झाले.

जिना नाही, चार भाषा

आता बाबांच्या फोनकडे. माझ्या डोक्यात टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी असा जिना होता. वरच्या पायरीवर उभं असलं की खालच्या सगळ्या आपल्याच. मित्र म्हणाला, "जिना कसला? चार भाषा आहेत. फोनला त्यातली कोणती येते आणि टॉवरला कोणती येते, दोन्ही जुळलं तर गाडी पुढे."

फोरजी बनवताना त्यात जुन्या पद्धतीची 'कॉलची वाट' ठेवलेलीच नाही. टूजी-थ्रीजीमध्ये कॉल लावला की तुमच्या नावानं एक वाट राखून ठेवली जायची. फोरजीत सगळंच इंटरनेटसारखं, पाकिटांमध्ये. मग साधा कॉल करायचा कसा? दोन उपाय. एक, कॉलपुरतं फोनला खाली टूजी-थ्रीजीवर ढकलायचं. आठवतंय का, कॉल आला की नेट बंद पडायचं आणि रिंग जायला पाच-सात सेकंद लागायचे? ते हे ढकलणं. दोन, आवाजच डेटा म्हणून पाठवायचा पण कंपनीच्या हमीनं, व्हिडिओच्या गर्दीत तो अडकणार नाही अशी राखीव लेन देऊन. हेच व्होल्टी. मात्र त्यासाठी फोनमधलं सॉफ्टवेअर आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क यांची आधी ओळख करून दिलेली लागते. नुसतं 'फोरजी फोन' असून भागत नाही.

ताईचा फोन तिकडच्या एका कंपनीसाठी बनलेला. व्होल्टी त्यात होतं, पण तिथल्यापुरतं. इथल्या सिमशी त्याची ओळखच नव्हती. मग तो कॉलसाठी खाली उतरायला बघायचा, आणि आमच्या घराला ज्या टॉवरची रेंज मिळते त्यावर त्या कंपनीचं टूजी नाही की थ्रीजी नाही. चार दांड्या खऱ्या होत्या. त्या सांगत होत्या, फोरजी झकास येतंय. कॉल लागेल असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते आपण गृहीत धरलं. व्हॉट्सअॅप चालत होतं, कारण त्याला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही.

"पण मग हे आधी कोणी सांगायचं?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. फोनवाला म्हणतो सिमवाल्याला विचारा, सिमवाला म्हणतो फोन बाहेरचा आहे. नियमावलीप्रमाणे दोघंही बरोबर. याचाच मला जास्त राग आला.

आणि हे फक्त आमच्या विहिरीवर घडलं असं नाही. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी २०२४च्या ऑक्टोबरअखेर थ्रीजी बंद केलं. त्याआधी लक्षात आलं की कित्येक फोरजी फोन रोजचे कॉल व्होल्टीवर करतात, पण ०००, म्हणजे तिथला इमर्जन्सी नंबर, लावला की थ्रीजीवरच उतरतात. रोज नीट चालणारा फोन, आणि ज्या दिवशी जीवावर बेतलं त्याच दिवशी मुका! शेवटी सरकारनं नियम केला की असे फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत. परदेशातून आणलेले फोनही त्यात सापडले. मेलबर्नला मुलाकडे राहायला जाणारे आई-बाबा तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्या बॅगेतला फोन आधी तपासा.

आपल्याकडे उलटं झालं. मधलं भावंड आधी गेलं. एअरटेलनं २०१९-२०मध्ये थ्रीजी गुंडाळलं, पण टूजी ठेवलं, कारण वहिनींसारख्यांच्या कमरेला अजून तेच आहे. टूजीची मागणी शहरात बसून हास्यास्पद वाटते, मलाही वाटायची. "अजून टूजी? सिरियसली?"

नियमावली लिहिणारं टेबल कुठे आहे हे मी मित्राला विचारलं. १९९८मध्ये स्थापन झालेली थ्रीजीपीपी नावाची संस्था आहे, जगभरच्या कंपन्यांचे इंजिनीअर तिथे बसून शक्यतो सगळ्यांचं एकमत होईपर्यंत वाद घालतात. आपण बरीच वर्षं तिथे ठरलेलं वापरत आलो. फाइव्हजीच्या वेळी मात्र भारतानं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे एक मुद्दा लावून धरला: तुमच्या कसोटीतली खेडी आमच्या खेड्यांसारखी नाहीत. आमच्याकडे माणसं सुसाट गाडीतून जात नाहीत, गावातच असतात. पण टॉवर लांब-लांब असतात. एकमेकांपासून सहा किलोमीटरवर टॉवर असतानाही फाइव्हजी नीट चाललं पाहिजे, अशी कसोटी त्यामुळे घातली गेली. भारतानं 'फाइव्हजीआय' म्हणून स्वतःचं स्टँडर्डही काढलं, २०२१मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि लगेच कंपन्या घाबरल्या की पुन्हा सीडीएमए-जीएसएमसारखे दोन तट पडणार, फोन महागणार. अखेर ते मुख्य स्टँडर्डमध्येच मिसळायचं ठरलं. काही जणांना ती माघार वाटली. मला नाही वाटत. दोन भाषांचा त्रास मी त्या पावसात भिजलेल्या हँडसेटपासून भोगलाय.

बाबांचं प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. स्मार्टफोन आता पडवीत वायफायवर असतो, संध्याकाळी नातवंडं बघण्यापुरता. खिशात परत जुना कीपॅडवाला, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून. गणपतीत गेले तेव्हा मी तो शंभर वेळा लावून बघितला: पडवीतून, परसातून, विहिरीपाशी उभी राहून. बाबा वैतागले. "अगं, लागतोय! किती वेळा उचलू?"

दर रविवारी सकाळी मी फोन करते. त्या वेळी बाबा खुर्चीवर असतात, शेजारी रेडिओ लावलेला आणि फोन रेडिओच्या डोक्यावर ठेवलेला. माझ्या कानात अजून रिंगही नीट गेलेली नसते, आणि पलीकडून आवाज येतो, "हां, बोल."

"बाबा, वाजायच्या आधीच कसा उचलता?"

"रेडिओ टिर्र-टिर्र करतो की आधी."